ठेवलेली काठी

हवेत कुटार आले की मला हंगाम कळतो. वाशीमच्या माझ्या घराला तिन्ही बाजूंनी वस्ती आहे, आणि चौथ्या बाजूला, जिथे वडिलांचा भाजीचा मळा होता, तिथे आता प्लॉट पडले आहेत. तरीही दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात सोयाबीनच्या शेंगांचा तो कोरडा, बोचरा भुसा कुठून तरी येतोच. तो टेबलाच्या काचेवर बसतो, पत्रांच्या स्थळप्रतींवर बसतो, घशात बसतो. दूरवर मळणीयंत्र एकाच सुरात घरघरत असते आणि मध्येच थांबते. पोते बदलण्यासाठी थांबले असेल, पट्टा सुटला असेल. तरी ते पुन्हा सुरू होईपर्यंत माझी लेखणी कागदावर टेकत नाही.

यंदा हा हंगाम मला सुखाने बसू देत नाही. त्याचे कारण एक काठी आहे, आणि त्या काठीविषयी मी लिहिलेला एक शब्द.

मी पत्रे लिहितो. न्यायालयाच्या मुद्देमाल विभागात कारकून म्हणून लागलो, सहायक अधीक्षक म्हणून निवृत्त झालो, आणि त्यानंतर कोणाच्याही सांगण्यावाचून पत्रे लिहीत आलो आहे. उघड्या गटाराविषयी, तोडलेल्या कडुनिंबाविषयी, बसस्थानकावरच्या चुकीच्या वेळापत्रकाविषयी. शेजारी हसतात. हसोत. मी पोच घेतल्याशिवाय कार्यालयाची पायरी उतरत नाही, म्हणून माझ्या पत्रांना उत्तरे येतात. त्यातलेच एक उत्तर तीन हंगामांपूर्वी आले. लहानपणी आम्ही ज्या रस्त्याने बाजाराला भाजी नेत असू, त्या रस्त्यावर लिंबाखाली एक शिरविरहित दगडी मूर्ती होती. रस्ता रुंद झाला आणि मूर्ती दिसेनाशी झाली. मी विचारणा केली. उत्तर असे होते : ‘सदर मूर्ती अभिलेखात आढळून येत नाही.’

मी मूर्ती विचारली होती. त्यांनी अभिलेख पाहिला. जे कागदावर नव्हतेच, ते हरवले असे कोण म्हणणार? त्या एका ओळीने माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच आठवड्यात मी ठरवले, की जिल्ह्यात जिथे जिथे जुन्या वस्तू राखलेल्या खोल्या असतील, त्या सर्व स्वतःच्या डोळ्यांनी पाहायच्या. त्याही आढळून येत नाहीत असे कळवले जाण्यापूर्वी.

संग्रहालय हा शब्द त्या जागांना मोठा होतो. वाशीममध्येच एका आवारात कुंपणाला टेकवून ठेवलेल्या देवता पाहिल्या. हे नगर एके काळी वत्सगुल्म नावाची राजधानी होते, असे शाळेत घोकून घेतलेले आम्ही लोक. आणि त्या राजधानीतल्या कोणा देवीच्या तुटक्या हातावर कोणीतरी फडके वाळत घातले होते. एका गावी कपाटात तलवार होती आणि तिच्याखाली नुसते ‘वीराची तलवार’ असे लिहिले होते. वीराचे नाव का नाही, असे विचारल्यावर कळले की दोन घराणी त्या तलवारीवर हक्क सांगतात, म्हणून गावाने नाव गाळून भांडण मिटवले. मंगरूळपीरला कुलपे दुरुस्त करणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी दुकानामागच्या खोलीत दोन पिढ्यांची कुलपे टांगून ठेवली होती. मी कौतुक केले, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “साब, जिसकी चाबी है उसका ताला नहीं, और जिसका ताला है उसकी चाबी नहीं. मैं हूँ तब तक बता देता हूँ कौनसा किसका. मैं गया कि ये सब लोहा.”

मग सगळे लोहा. परतीच्या बसमध्ये ते वाक्य माझ्या शेजारी बसून आले. खिडकीबाहेर कापून रचलेल्या सोयाबीनच्या सुड्या उभ्या होत्या, ताडपत्रीखाली, एकेका शेतात एकेक, पाठमोऱ्या माणसांसारख्या. मुद्देमाल विभागात मी हेच शिकलो होतो. सुरी ही केवळ सुरी असते. तिला बांधलेली चिठ्ठी ती कोणत्या प्रकरणातली हे सांगते. चिठ्ठी गळाली की ती कांदा चिरायला मोकळी. आणि चिठ्ठी बदलली तर? तो विचार त्या दिवशी मी पुढे नेला नाही. नेला असता तर बरे झाले असते.

त्या हंगामातली शेवटची खोली अनसिंगच्या पुढच्या एका गावातली. गावाचे नाव इथे लिहीत नाही; माझ्या पत्रांत ते ठळक आहे. पटसंख्या घटल्याने रिकाम्या पडलेल्या शाळेच्या एका वर्गात तिथल्या निवृत्त मुख्याध्यापकांनी ग्रामपंचायतीच्या परवानगीने संग्रह मांडला होता. सगळे त्यांना गुरुजीच म्हणत. वटवाघळांचा उग्र वास, डांबरगोळ्यांचा वास, आणि खिडकीतून येणारे कुटार. फळ्याखाली मोटेचे कातडे, वाळून लाकूड झालेले. मापे, कंदील, जाती, नाक नसलेला एक गणपती. प्रत्येक वस्तूपुढे पांढऱ्या जाड कार्डावर निळ्या शाईची चिठ्ठी, आणि त्या अक्षराला एकही खाडाखोड नाही. मी त्या माणसावर तत्काळ विश्वास टाकला.

गुरुजी मात्र आपल्या खोलीवर नाराज होते. ते म्हणाले, की इथे पाटलाचे पानदान आहे, कुळकर्ण्याची दौत आहे, सावकाराचा तराजू आहे. ज्यांनी गावाचा भार वाहिला त्यांचे काहीच नाही. एक वस्तू गावात आहे, पण ती ज्यांच्या घरी आहे त्या बाई देत नाहीत. आणि देत नाहीत याबद्दल आपण त्यांना दोष देत नाही, असेही ते म्हणाले.

त्या बाई म्हणजे सुमनबाई. वय सत्तरीच्या घरात, बौद्ध वस्तीतल्या कडेच्या घरात राहणाऱ्या, दोन एकर वावर आणि एक मुलगा, मिलिंद. मिलिंद गावच्या पाणीपुरवठ्याचे पंप पाहतो, ग्रामपंचायतीकडून मानधनावर. गुरुजी आणि मी त्यांच्या अंगणात जाऊन बसलो. बाईंनी पाणी दिले, चहा ठेवला, आणि मी कोण हे कळल्यावर म्हणाल्या, “म्हंजे तुमी कागदवाले. मंग तं जपूनच बोला लागते.”

वस्तू होती काठी. माणसाच्या डोक्यावरून हातभर जाणारी, तेल पिऊन काळी पडलेली, वरच्या टोकाला लोखंडी कडी आणि कडीत सात घुंगरे. बाईंच्या सासऱ्यांनी तरुणपणी, गावची वेठ वाहणारे येसकर म्हणून, ती वागवली होती. येसकराची काठी. ती हातात घेऊन त्यांनी मयताचे सांगावे पोचवले, ते साहेबाच्या गाडीपुढे धावले, त्यांनी गावची गुरे राखली, आणि ते ज्या वाटेने चालत त्या वाटेवर घुंगरांचा आवाज त्यांच्या पुढे चाले, म्हणजे लोकांना बाजूला होता येई. छप्पन सालच्या दसऱ्याला ते नागपूरला गेले. तेव्हा सोयाबीन नव्हते. शेतात ज्वारी निसवत होती. परत आल्यावर त्यांनी काठी आढ्याला बांधली आणि पुन्हा हाती घेतली नाही. पुढे सासूबाईंनी ती चुलीत घालायला काढली, तेव्हा सासऱ्यांनी हात धरला. ते काय म्हणाले ते सुमनबाईंनी त्यांच्याच आवाजात सांगितले : “जाळू नोको. उद्या कोनी म्हनन, असं काई नोतंच. तवा ते दाखवाले पायजे.”

गुरुजींनी चहाची कपबशी खाली ठेवली. मग म्हणाले, “बाई, उद्या आलाच आहे.”

दोन दिवसांनी बाई स्वतः काठी घेऊन आल्या, लुगड्याच्या धडप्यात गुंडाळून, आणि घुंगरांत चिंध्या कोंबून. वाटेने तिचा आवाज होऊ नये म्हणून. एकच अट घातली. चिठ्ठीवर खरे लिहायचे. गुरुजींनी तिथेच बसून लिहिले : ‘येसकराची काठी. वेठीच्या कामाची. धम्मदीक्षेनंतर या घराने ती खाली ठेवली.’ बाईंनी अक्षर अक्षर वाचले. ‘टाकली’ लिहिले नाही ना, हे दोनदा पाहिले. टाकली नाही, ठेवली. मग पावतीचा प्रश्न आला आणि गुरुजींनी कागद माझ्यापुढे सरकवला.

मी विचारले, काय लिहू? बाई म्हणाल्या, “लिवा, ठेवाले देल्ली.”

मी हसलो. आज ते हसू आठवले की स्वतःच्या तोंडात मारावेसे वाटते. मी त्यांना समजावले, की दस्ताची भाषा वेगळी असते. ‘ठेवायला दिली’ हे काही दस्तात शोभत नाही. आणि मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिले : ‘सदर काठी आजरोजी संग्रहालयास सुपूर्द करण्यात आली.’

“तुमी कोर्टात काय राह्यले, घरची बोली इसरले,” बाई म्हणाल्या. पण सही केली.

हा शब्द मी का लिहिला, ते सांगितले पाहिजे. ते माझे समर्थन नव्हे, कबुली आहे. आमच्याकडे चोरीच्या प्रकरणातले बैल येत. खटला चालेपर्यंत बैलांना कोण चारणार? म्हणून मालकाकडून सुपूर्दनामा लिहून घेऊन ते त्याच्या ताब्यात देत. अट अशी, की विकायचे नाहीत, कोणाला द्यायचे नाहीत, त्यांच्या स्वरूपात बदल करायचा नाही, आणि न्यायालय मागेल तेव्हा जसेच्या तसे हजर करायचे. ऑक्टोबरच्या उन्हात आवारातल्या कडुनिंबाखाली उभे असलेले ते बैल, शिंगांना बांधलेल्या चिठ्ठ्या, आणि मी नाव पुकारले की मान उचलणारा मालक. माझ्या लेखी ‘सुपूर्द’ या शब्दाच्या पोटात त्या सगळ्या अटी होत्या. त्या वेगळ्या लिहाव्या लागतात, हे मला सुचलेच नाही. सगळे आयुष्य एका इमारतीत काढलेला माणूस असे समजू लागतो, की बाहेरचे जगही त्याच इमारतीची बोली बोलते. बाहेर सुपूर्द करणे म्हणजे देऊन टाकणे. बाहेर मेलेल्या माणसालाही मातीच्या सुपूर्द करतात.

पुढच्या वर्षी गुरुजी गेले. मी पोचलो तेव्हा वर्गाला कुलूप होते. किल्ली ग्रामपंचायतीच्या शिपायाकडे, रामदासकडे. पन्नाशीचा, मिठ्ठास बोलणारा, कोणाचेही वाईट न चिंतणारा माणूस. त्याने दार उघडून दिले. सावकाराचा तराजू नव्हता. मी विचारले, तर रामदास म्हणाला, “असन कुठी तरी. गुरुजी व्हते तं सापडे.” निळी अक्षरे उन्हाने फिकी पडली होती. काठी मात्र जागेवर होती, आणि मी निर्धास्त परत आलो. मला वाटले, माझा शब्द तिच्यावर पहारा करत आहे.

यंदा, श्रावणाच्या शेवटी, सुमनबाईंचा फोन आला. काठी परत पाहिजे, एवढेच म्हणाल्या. मी कारण विचारले. त्या म्हणाल्या, “दसऱ्याले मिरवनूक काढून राह्यले. काठी म्होरं राह्यन. अन मिलिंदनं धराची म्हनते.”

मी त्याच दिवशी पत्र लिहिले. उत्तर यायला महिना लागला. ‘सदर वस्तू आपल्याच हस्ताक्षरातील पावतीनुसार संग्रहालयास सुपूर्द करण्यात आली असून ती जडवस्तू संग्रह नोंदवहीत घेण्यात आली आहे. सबब ती परत करण्याचा प्रश्न उद्भवत नाही.’ सोबत पावतीची छायाप्रत जोडली होती. माझे वळणदार अक्षर, आणि ‘सुपूर्द’ या शब्दाखाली लाल रेघ. आयुष्यभर इतरांच्या कागदांवर मी ज्या शाईने रेघा ओढल्या, तीच शाई.

मागच्या सोमवारी मी अनसिंगच्या बसने गेलो. फाट्यावर उतरलो तेव्हा उजव्या हाताच्या शेतात एक काळा, गोल डाग दिसला. सुडी जळाली होती. कोणाची आहे ते मी विचारले नाही, चहाच्या टपरीवरचाच माणूस आपण होऊन सांगू लागला : पानी सोडाच्या पाळीवरून काई बोलाचाली झाली व्हती म्हनते, पन कोनी पाह्यलं? पंचनाम्यात काय लिहिले असणार ते मला पाठ आहे. अज्ञात इसमाने, अज्ञात कारणावरून. राखेवर वारा फिरत होता आणि सगळीकडे जळक्या डाळीसारखा वास होता.

सुमनबाई वर्गाच्या पायरीवर वाट पाहत बसल्या होत्या. रामदासने कुलूप काढले. आतल्या वस्तू आणखी कमी झाल्या होत्या, पण खोली झाडलेली होती, आणि तेच मला अशुभ वाटले. मधोमध लाल कापड घातलेले टेबल. त्यावर काठी आडवी. कडीला शेंदूर, मधल्या भागाला हार, पुढे नारळ. आणि नवी चिठ्ठी, रंगाच्या कुंचल्याने लिहिलेली : ‘गावाची मानाची काठी.’

रामदास उत्साहाने सांगत होता. सरपंचसाहेबांची कल्पना आहे. परंपरा जपली पाहिजे. मिरवणुकीचा फलक छापायला दिला आहे. काठी पुढे, मग पालखी, मग गाव. आणि काठीचा मान ज्या घराचा होता त्याच घराला द्यायचा, यावर बैठकीत सर्वांचे एकमत झाले. तो बाईंकडे वळून अगदी मनापासून म्हणाला, “आत्याबाई, तुमचाच मान हाये. दुसऱ्या कोनाले देत नाई आमी.”

त्या बोलण्यात कपट असते तर मी त्याला कलमे ऐकवली असती. वेठीवरचे कायदे मला क्रमांकासह येतात. पण समोर कपट नव्हते. समोर एक हसरा माणूस होता, एक हार होता, आणि एका वाईट गोष्टीला लावलेला सुंदर शब्द होता. यावर लागू होणारे कलम मला आठवेना.

बाई टेबलाशी गेल्या. त्यांनी कार्ड उचलले आणि सहज उलटे केले. मागे गुरुजींची निळी शाई होती. ‘येसकराची काठी. वेठीच्या कामाची.’ नवे कार्ड आणायचा कोणी त्रासही घेतला नव्हता. बाईंनी निळी बाजू वर करून कार्ड नारळाला टेकवले. मग हार काढून बाजूला ठेवला, पदराने शेंदूर पुसला, आणि काठी उभी केली. घुंगरांतल्या चिंध्या केव्हाच काढलेल्या होत्या.

त्यांनी एकदाच काठी जमिनीवर आपटली.

आवाज मोठा नव्हता. बैलाच्या गळ्यातल्या घुंगरांपेक्षा कोरडा, लोखंडी. रिकाम्या वर्गात तो भिंतीभिंतीला लागून आला. रामदास बोलता बोलता थांबला आणि दोन पावले मागे सरकला. दाराच्या चौकटीला त्याची पाठ टेकली. आपण सरकलो हे त्याला कळले नसावे. मी खाली पाहिले. मीही सरकलो होतो.

न्यायालयात हा पुरावा टिकणार नाही. काठी लांब होती, जागा अरुंद होती, अचानक आवाज झाला. कोणीही वकील हे दोन मिनिटांत खोडून काढील. पण मला जे आठवले ते मीच खोडू शकत नाही. वडिलांचा मळा, पाटाच्या कडेने मेथीचे वाफे, मी चार-पाच वर्षांचा, आणि रस्त्यावरून येणारा हाच आवाज. वडिलांनी माझे मनगट धरले आणि मला बांधावर ओढून घेतले. रागाने नव्हे, पाऊस आला की गोठ्यात ओढतात तसे. वडील सज्जन होते, कोणाला उणा शब्द बोलत नसत. एक माणूस खाली मान घालून आमच्या समोरून गेला. तो गेल्यावर वडिलांनी माझे मनगट सोडले आणि आम्ही पुन्हा मेथी उपटू लागलो. ही आठवण इतकी वर्षे माझ्याकडे होती. ती मला अभिलेखात आढळून आलेली नव्हती.

“पाह्यलं, भाऊ?” सुमनबाई माझ्याकडे न पाहता म्हणाल्या. “चिठ्ठी बदलली. आवाज तोच हाये.”

त्यांनी काठी पुन्हा आडवी ठेवली. न्यायला निघाल्या असत्या तर मी अडवले नसते, हे इथे लेखी देतो. पण रामदासचा चेहरा उतरला होता. तो म्हणाला, की आत्याबाई, काठी गेली तं मायी नौकरी जाईन. बाई त्याच्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, “तुयी बी अन माया पोराची बी. बरं बांधलं हाये लेकहो तुमाले.” बाहेर येऊन त्यांनी पायरीवरची चप्पल घातली. मी म्हणालो, पत्र वर पाठवतो, जिल्ह्याला पाठवतो. त्यांनी मान डोलावली. तशी मान मी पक्षकारांची पाहिली आहे, तारीख पडल्यावर.

आता त्या रोज शाळेत जातात म्हणे, आणि रोज कार्ड उलटे करतात. रोज सकाळी ते पुन्हा सरळ झालेले असते. कोण करते, हे कोणी पाहिलेले नाही.

वरच्या कार्यालयांना मी चार पत्रे पाठवली. पोच आली आहे. आज शनिवार. दसरा मंगळवारी.

दुपारी मिलिंद आला. मोटारसायकल फाटकाशी लावून बराच वेळ तिथेच उभा होता. पंचेचाळिशीचा, शर्टाच्या खिशात पंपाच्या खोलीची किल्ली. आत आल्यावर पाणी प्याला आणि म्हणाला, “दसऱ्याच्या दिवसाचा रजेचा अर्ज लिवून द्या. तुमच्या अक्षरात असला तं घेतीन.”

मी कागद घेतला. प्रति, विषय, महोदय. कारणाशी आलो आणि त्याच्याकडे पाहिले.

“बिमार लिवा,” तो म्हणाला. मग स्वतःच म्हणाला, “बिमार लिवलं तं अवंदा सुटन. काठी पुढच्या सालाले हायेच.” मग म्हणाला, “खरं लिवलं तं मानधन जाते.”

मानधनावरच्या माणसाने मान नाकारायचा. शासनाच्या भाषेत याला शब्द नाही. माझ्याजवळ शब्द पुष्कळ आहेत : अपरिहार्य कारणास्तव, वैयक्तिक अडचणीमुळे, सबब, तथापि. ते सगळे लेखणीच्या टोकापर्यंत आले. बाहेरचे मळणीयंत्र थांबले होते. मी त्याला विचारले, की तुझ्या आजोबांनी काठीचे काय केले, असे घरात म्हणतात? तो म्हणाला, “ठेवली म्हनते. दुसरं काय म्हनन?”

मी लिहिले : ‘कारण : आमच्या घराने काठी ठेवलेली आहे.’

त्याने ते वाचले. पुन्हा वाचले. ओठांवर हसू आले, आईसारखे, एका बाजूचे. “सायबाले समजन का हे?”

“समजेल,” मी म्हणालो.

“मंग खरंच लिवलं हाये.” त्याने सही केली, कागदाची घडी केली आणि किल्लीच्या मागे खिशात ठेवली. दारापर्यंत जाऊन थांबला. “सोमवारी देतो. आज नाई देत.”

मी कारण विचारले नाही, पण त्याने सांगितले. दोन एकरांची सुडी अजून वावरात उभी आहे. मशीन उद्या लागणार आहे. माल घरात आला की मग अर्ज.

तो गेल्यावर मी या टेबलाशी बसलो आहे. काचेवर कुटार साचले आहे. उद्याच्या पहिल्या बसने मी अनसिंगला जाणार आहे, तिथून मिलिंदच्या वावरात. मशीन सुरू होऊन शेवटचे पोते भरेपर्यंत सुडीजवळ बसणार आहे. अज्ञात इसम आलाच, तर तिथे एक साक्षीदार बसलेला त्याला दिसावा.